साठी उलटल्यावर गडचिरोलीला सेवेला यायचं म्हणता, तर…

प्रश्न असा आला आहे: "मी ६३ वर्षांचा, राष्ट्रीयीकृत बँकेतून वरिष्ठ व्यवस्थापक म्हणून निवृत्त. पत्नी ६० वर्षांची, माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. मुलगी परगावी, आपल्या संसारात. दोघांच्या तब्येती बऱ्या आहेत. गडचिरोली किंवा मेळघाटातल्या एखाद्या प्रकल्पावर वर्षभर राहून सेवा करावी असं मनात आहे. आकडेमोड आयुष्यभर केली, आता प्रत्यक्ष माणसांत काम करायचं आहे. जमेल का? सुरुवात कुठून करावी?"

पूर्व विदर्भातल्या एका आरोग्य प्रकल्पात स्वयंसेवकांची व्यवस्था मी बरीच वर्षं बघतो आहे. कोण येणार, कुठे राहणार, काय करणार, आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळून परत निघाला तर एसटी कुठून धरायची, इथपर्यंत सगळं माझ्या गळ्यात असतं. त्या अनुभवावरून सांगतो, जमेल. फक्त वर्षाचा संकल्प आत्ताच चारचौघांत जाहीर करू नका. आणि "आकडेमोड पुरे झाली" हे वाक्य तेवढं खोडून टाका. तुमच्याकडे देण्यासारखं जे आहे, ते नेमकं तेच आहे.

निवृत्त माणसं येताना मनात एक चित्र घेऊन येतात. झाडाखाली मुलं बसली आहेत आणि आपण गोष्ट सांगतोय, किंवा एखाद्या आजीच्या पायाला मलमपट्टी करतोय. प्रकल्पावर दोन्ही होतं, पण ते करायला माणसं आहेत. मलमपट्टी करणारी मुलगी त्याच मुलखातली असते, तिथली माडिया भाषा बोलते, आजीची जखम कधीची, तिचं शेत कुठलं, सून कुणाची हे सगळं तिला ठाऊक असतं. तिच्या हातातलं काम काढून तुमच्या हातात दिलं तर आजीचं काहीच भलं होत नाही. माणसाचा खरा तुटवडा आहे तो ऑफिसात.

ते ऑफिस कसं चालतं ते ऐका. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण, म्हणजे दहा-बीडी नावाचा फॉर्म, ३१ मेच्या आत भरावा लागतो. त्यात पॅनचं एक अक्षर चुकलं की देणगीदाराचा फोन येतो, आणि तो फोन गोड नसतो. परदेशी देणगी घ्यायची तर २०२०च्या दुरुस्तीनंतर खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच हवं, आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी आला की त्यांना विनियोग प्रमाणपत्र त्यांच्याच नमुन्यात लागतं, आणि प्रत्येक कंपनीचा नमुना निराळा. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब पाठवायचे, विश्वस्त बदलला की बदल अर्ज करायचा. एवढं सगळं सांभाळणारा माणूस तालुक्याच्या गावात मिळत नाही, मिळाला तर दोन वर्षांत नागपूरला निघून जातो. मग काय होतं? दिवसभर ओपीडी काढलेला डॉक्टर रात्री अकराला व्हाउचरं चाळत बसतो. तुम्ही येऊन त्याच्यासमोरची ती फाइल उचललीत, तर सकाळी त्याच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला तुमचा उपयोग झाला म्हणून समजा. त्या रांगेतल्या कुणाला तुमचं नावही कळणार नाही, हे मात्र आधीच पचवून या.

तुम्हाला माणसांतलंच काम हवं असेल, तर तेही बँकेच्या वाटेनं मिळतं. आमच्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी राहिले होते. एका बाजाराच्या दिवशी एक बाई लेकराला पाठीशी बांधून आली. पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे पैसे आलेच नाहीत अशी तक्रार. आशाताईंनी फॉर्म भरला होता, पोचही होती. सगळ्यांनी "वरून आले नसतील" म्हणून सोडून दिलं होतं. ह्या गृहस्थांनी तिचं आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवलं. आडनाव आत्राम, पण इंग्रजीत आधारवर सुरुवातीला एक 'ए' आणि पासबुकात दोन. दहा मिनिटं तिच्याशी बोलल्यावर, म्हणजे आमच्या कार्यकर्तीनं मध्ये बसून माडियातून विचारल्यावर, कळलं की रोजगार हमीच्या वेळी कुणीतरी तिचं दुसऱ्या बँकेत एक खातं उघडून दिलं होतं आणि आधार त्या खात्याला जोडलेलं होतं. सरकारी अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. पैसे आले होते आणि तिला ज्याची आठवणही नव्हती त्या खात्यात पडून होते. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे चटकन सुचलं. आम्हा बाकीच्यांना सुचलं नव्हतं. पुढच्या बाजाराला प्लास्टिकच्या पिशवीत पासबुकं घेऊन बायका त्यांच्या टेबलासमोर बसलेल्या.

हे आपल्याकडचंच आहे असं नाही. परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअरमधून १९६६ साली लिलियन कार्टर नावाच्या एक बाई मुंबईत विक्रोळीला आल्या. वय ६८. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या त्या आई. पेशानं नर्स. त्यांना आधी लावलं कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला, आणि ते काम त्यांना मुळीच रुचलं नाही. मग त्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात रुजू झाल्या, आणि तिथे त्यांचे हात चालले. मायदेशी परतल्या तेव्हा सत्तरी आली होती. अडुसष्टाव्या वर्षी परक्या मुलखात उभं राहायला त्यांना बळ कुठून मिळालं असं कुणी मला विचारलं, तर मी म्हणेन, नर्सिंग येत होतं म्हणून. हातात एक पक्कं काम असलं की परकी भाषा, परकं जेवण, उकाडा सगळं सोसतं. नुसत्या सद्भावनेवर माणूस पावसाळाभर टिकत नाही.

आता वहिनींबद्दल. ह्या बाबतीत मी जरा स्पष्ट लिहितो, कारण जोडप्यांच्या अर्जात एक गोष्ट वारंवार दिसते. सेवेची हौस एकाची असते आणि दुसरं माणूस "बरं, जाऊ" म्हणून येतं. बहुतेक वेळा ते दुसरं माणूस बायको असते. मग साहेब प्रकल्पाच्या कामात रमतात आणि बाई तिथेही सकाळचा चहा, साहेबांचं पथ्याचं जेवण, कपडे ह्यातच. पुण्यात गॅस होता, इथे शेगडी, एवढाच फरक. म्हणून आमच्याकडे नियम आहे की जोडप्यानं मेसमध्ये जेवायचं, खोलीत चूल मांडायची नाही, आणि दोघांनी वेगवेगळे अर्ज करायचे. वहिनींनी स्वतःचा अर्ज स्वतः लिहावा. तो तुम्ही वाचूही नका.

गणिताच्या शिक्षिकेला आमच्याकडे कामाचा तोटा नाही, पण थेट वर्गावर जाता येईल असं धरू नका. वर्गाला शिक्षक असतो, त्याचा तास असतो, त्याचा मानही असतो. शिवाय पहिली-दुसरीच्या मुलांच्या घरात माडिया किंवा गोंडी, मेळघाटात कोरकू. शहरी मराठीत भरभर शिकवलेलं त्यांच्या डोक्यावरून जातं, आणि मुलं सभ्य असल्यामुळे मान डोलावतात. वसतिगृहात संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणितात अडलेलं सोडवून देणं, हे मात्र सोन्यासारखं काम आहे. तसंच एक रूक्ष काम, ज्याला कुणी हात लावायला तयार नसतं: आदिवासी मुलांना बारावीनंतर राखीव जागेवर प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी १९५०पूर्वीचे पुरावे मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत तर शाळेचा दाखला कुठून आणायचा? जुन्या महसुली नोंदी, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची नक्कल, नात्यातल्या कुणाचं आधी मिळालेलं प्रमाणपत्र, असं जुळवत जुळवत प्रकरण उभं करावं लागतं. एका मुलीचं नर्सिंगचं वर्ष ह्या कागदावर अडतं. शाळेत वर्षानुवर्षं दाखले लिहिलेल्या बाईंना हे कागद वाचता येतात.

यायचं कधी? पहिल्यांदा आठ दिवस या, डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि काहीही काम मागू नका. बघा, जेवा, झोप लागते का ते पाहा. उन्हाळ्यात चंद्रपूर भागात पारा ४५च्या वर जातो. पहिली भेट तेव्हा ठेवलीत तर शेवटचीही तीच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. मलेरिया, हगवण, सर्पदंश ह्यांचे रुग्ण येतात ते ह्याच दिवसांत, म्हणून मेळघाटात पुण्याच्या 'मैत्री' संस्थेची धडक मोहीम पावसाळ्यातच चालते आणि स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीनं गावात राहायला जातात. त्या तुकडीतलं गावोगाव पायी फिरणं पंचविशीतल्या पोरांवर सोडा. तुम्ही तळावर थांबून नोंदी, औषधांचा साठा, फोन सांभाळा. आठ दिवस मानवले तर पुढच्या खेपेला तीन महिने. वर्षाचं त्यानंतर बघू. आमच्याकडे जे खरोखर वर्षभर राहिले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी वर्षाचा शब्द आधी दिला नव्हता.

तुमचा रिपोर्टिंग अधिकारी चोवीस वर्षांचा असेल. समाजकार्याची पदवी घेतलेला, दाढी वाढवलेला, तुम्हाला 'काका' म्हणेल आणि उशिरा आलात तर विचारेल. वरिष्ठ व्यवस्थापकाला हे जड जातं. मी पाहिलेले निम्मे तंटे इथूनच सुरू झाले. पहिल्या आठवड्यात सूचनांचं पत्र काढणारे निवृत्त अधिकारी मला ओळखू यायला लागले आहेत; त्यांच्या पत्राचा पहिला शब्द बहुधा 'वास्तविक' असतो. सूचना चुकीच्या असतात असंही नाही. पण जीप एकच का, रजिस्टर हातानं का लिहितात, स्वयंपाकघर दुपारी बंद का, ह्या प्रत्येकामागे काहीतरी घडून गेलेलं असतं आणि ते महिनाभर राहिल्याशिवाय दिसत नाही. पहिला महिना सुचेल ते वहीत लिहा. महिन्यानं वही उघडा, अर्ध्या ओळी तुम्हीच खोडाल. उरलेल्या अर्ध्या आम्हाला हव्या आहेत.

तब्येतीचं हसण्यावारी नेऊ नका. निघण्याआधी दात बघून घ्या; दाढ दुखायला लागली तर अख्खा दिवस प्रवासात जातो. चष्म्याची दुसरी जोडी, बीपी-शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, आणि गोळ्यांची नावं मराठीत लिहिलेला कागद पाकिटात. इन्सुलिन घेत असाल तर फ्रिज आहे का आणि वीज किती तास जाते, हे आधी विचारा. गुडघ्यांचं खरं सांगा. सगळीकडे कमोड नसतो आणि हे विचारायची लाज वाटून लोक येतात आणि चौथ्या दिवशी परत जातात. मच्छरदाणी रोज, अपवाद नाही. ताप आला तर क्रोसिन घेऊन "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. गडचिरोलीतला मलेरिया म्हाताऱ्या शरीराला फार मुदत देत नाही. अंधारात पाय टाकण्याआधी टॉर्च. हृदयाचं काही झालं तर खरी सोय नागपूरला, आणि तिथपर्यंतचे तास तुम्ही नकाशावर मोजता त्यापेक्षा जास्त असतात. मेडिक्लेमची कॅशलेस रुग्णालयं नागपूर-चंद्रपुरात कोणती आहेत ते पाहून ठेवा. अँजिओप्लास्टी होऊन वर्षही झालं नसेल तर येऊ नका. ह्यावर लोक वाद घालतात, मी घालत नाही.

घरचंही थोडं आवरून निघावं लागतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. हल्ली तो फोनवर चेहरा दाखवून होतो, पण नेटवर्क ज्या टेकडीवर येतं तिथे जाऊन. तेव्हा त्या महिन्यात शहरात फेरी ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंदच आहे. एसटीत वहिनींना निम्मं तिकीट, तुम्हाला मात्र पासष्टीपर्यंत पूर्ण. मुलीला नुसतं "आम्ही चाललो" म्हणू नका. आजारी पडलात तर कुणी कुणाला फोन करायचा, कुठे हलवायचं, हे तिच्याशी बसून ठरवा आणि त्याची एक प्रत संस्थेला द्या. मुलांचा विरोध बऱ्याचदा सेवेला नसतो, रात्री दोनच्या फोनला असतो.

पैशांचं. राहणं-जेवण बहुतेक संस्था देतात. काही थोडं मानधन देतात, काही जेवणाचा खर्च घेतात. पेन्शन आहे तर मानधन नको म्हणा, पण जेवणाचे पैसे देतोय म्हणून पाहुण्यासारखे वागू नका. गावात कुणालाही रोख रक्कम देऊ नका, कितीही पोटात तुटलं तरी. एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलतो असं परस्पर कबूल करू नका. तुम्ही निघून जाता, शब्द संस्थेच्या दारात उभा राहतो. मुलांसोबत काम असेल तर संस्था पोलीस पडताळणीचा दाखला मागेल. "ह्या वयात माझी चौकशी?" असं म्हणणारे भेटतात. हो, ह्या वयातही. जी संस्था मागत नाही, तिच्याकडे मुलांच्या वसतिगृहात काम करू नका. आणि कुपोषित लेकराला कडेवर घेतलेला स्वतःचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

प्रश्नात नाही, पण निवृत्तांचा दुसरा ओढा आपत्तीकडे असतो म्हणून लिहितो. टीव्हीवर पूर दिसला की माणसं गाडीत ब्लँकेटं भरून निघतात. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरला हेच झालं. जुन्या कपड्यांचे ढीग शाळांच्या व्हरांड्यात कुजत पडले आणि ते हलवायला पुन्हा माणसं लावावी लागली. पहिल्या पंधरवड्यात साठीच्या माणसानं तिथे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा पाणी, झोप, जागा, सगळ्याची टंचाई असते आणि त्यात तुम्ही आणखी एक खाणारं तोंड. जायचं ते तिसऱ्या महिन्यात, कॅमेरे गेल्यावर. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. चिखल काढायला तरुण पोरं आली, खूप आली. पण नंतर दुकानदाराच्या विम्याचा दावा, भिजून लगदा झालेली बिलं, पंचनाम्यात राहून गेलेलं नाव, सानुग्रह अनुदानासाठी चुकलेला खाते क्रमांक, हे सगळं उरलं होतं. पुण्या-मुंबईचे विमा आणि बँकवाले निवृत्त लोक अशा वेळी टेबल मांडून बसले तर शंभर ब्लँकेटांपेक्षा जास्त काम होतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटेचा. मदतीचे ट्रक लगेच आले, पण बावन्न गावं नव्या जागी उभी राहायला वर्षं लागली. सातबारा, घरवाटपाच्या याद्या, वारसनोंदी हे ह्या वर्षांतलं काम आहे.

संस्था कशी निवडायची? आनंदवन, हेमलकसा, शोधग्राम ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि पत्रंही सगळी तिकडेच जातात. तिथे अवश्य लिहा. १९७३पासून हेमलकशाला लोक येत आहेत, त्यांना पाहुणे आणि स्वयंसेवक ह्यांतला फरक कळतो. पण तुमच्यासारख्या हिशेब येणाऱ्या माणसाची जास्त गरज छोट्या, नाव नसलेल्या संस्थांना असते. तिथे जाण्याआधी मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद मागा. बँकवाल्याला त्यातून संस्थेची नाडी कळेल. आणि एक प्रश्न जरूर विचारा: याआधी आलेला स्वयंसेवक काय काम करायचा आणि तो का गेला? ह्याचं सरळ उत्तर देणारी संस्था शक्यतो बरी असते. "आमच्याकडे आलेला कुणी परत जातच नाही" असं सांगणाऱ्या ठिकाणी मी स्वतः जाणार नाही.

पत्र लहान ठेवा. काय येतं (टॅली येतं का, जीएसटी-टीडीएस केलंय का, कर्जप्रकरणं का शाखा), कोणते महिने मोकळे आहेत, कोणती दुखणी आणि गोळ्या आहेत, आणि आठ दिवस नुसतं बघायला येऊ का. "समाजाचं ऋण फेडायचं आहे" हे लिहिलं नाहीत तरी चालेल, ते सगळ्याच पत्रांत असतं. उत्तराला पंधरा-वीस दिवस लागले तर रागावू नका. मार्च ते मे ह्या काळात तर लिहूच नका. तेव्हा पत्रांना उत्तर देणारा माणूस आणि दहा-बीडी भरणारा माणूस एकच असतो.